दारामागच्या पिशव्या

वातुगेदे गावात कुणी ‘म्बाह’ म्हटलं की ऐकणारा आधी विचारायचा, “कुठला? वरचा की खालचा?” म्बाह म्हणजे आजोबा किंवा आजी. वरचा म्बाह म्हणजे मेरापी, गावाच्या डोक्यावर धूर काढत बसलेला डोंगर. खालचा म्हणजे म्हातारा हार्जो, वागियेमचा सासरा. तोही दिवसभर ओसरीवर लवंग घातलेली तंबाखू ओढत धूरच काढत बसायचा. दोघांचा स्वभाव एकच, असं बायका म्हणायच्या. महिनोन्महिने तोंड उघडायचे नाहीत आणि उघडलं की समोरच्याला पळता भुई थोडी.

वागियेमला दोन्ही म्हाताऱ्यांची सवय होती. ती याच उतारावर जन्मली, पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातल्या ‘वागे’ वारी, म्हणून वागियेम. लग्न होऊन चार घरं पलीकडे आली. नवरा पारजो नदीच्या पात्रातली वाळू ट्रकनं शहरात पोचवायचा. ती गवत कापायची, दोन गाई सांभाळायची आणि महिन्यातून एकदा गावच्या मंडपात बसून पोरांची वजनं आणि म्हाताऱ्यांचा रक्तदाब घ्यायची. आरोग्यसेविका म्हणून तिला वर्षाला एक गणवेश मिळायचा आणि तो दर वर्षी दंडात घट्ट व्हायचा.

पण पंचक्रोशीत तिचं नाव झालं ते पिशव्यांमुळे. गावात जो कुणी म्हातारा, आजारी किंवा अंथरुणाला खिळलेला, त्याच्या घराच्या दारामागे एक खिळा आणि खिळ्यावर वागियेमनं शिवलेली पिशवी. जुन्या बाटिकच्या लुगड्यांचं कापड, दोन बंद, वर नाव. आत दहा दिवसांच्या गोळ्या, जादा चष्मा, राखेसाठी तोंडाला बांधायचा मास्क आणि एका जाड कागदावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं: माणसाचं नाव, काय दुखणं, कुठली गोळी, केव्हा, किती, रक्तगट, कुणाला कळवायचं. ज्याला चालता येत नाही त्याच्या पिशवीला लाल काठ. दर महिन्याला वागियेम घरोघर जायची, पिशवी उतरवायची, गोळ्यांवरच्या तारखा बघायची, जुन्या काढून नव्या घालायची.

“बू येम, कफनही यातच शिवून दिलंस काय गं?” जाडजूड वोंग्सोआजी विचारायची. बू म्हणजे बाई, आणि येम हे वागियेमचं छोटं.

“कफनाला कापड फार लागतं, म्बाह. तुझ्या मापाचं तर दोन लुगडी जातील.”

म्हातारी खदखदून हसायची आणि पिशवी पुन्हा खिळ्याला लावू द्यायची. पण सगळेच हसत नसत. दारात असली अभद्र गोष्ट टांगायची म्हणजे डोंगराला आवतण, असं काहींचं म्हणणं होतं. डोंगर फुटणार असं वातुगेदेत कुणी म्हणत नाही. “म्बाहकडे कार्य आहे” असं म्हणतात. मग कार्याआधीच आपण पंगतीला तयार होऊन का बसायचं?

वागियेम वाद घालत नसे. तिच्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती गावाला ठाऊक होती.

चौदा वर्षांपूर्वी मोठं कार्य झालं तेव्हा दुपारी अर्ध्या तासात गाव सोडावं लागलं होतं. पारजोच्या ट्रकमध्ये माणसांवर माणसं. वागियेमनं तांदळाचं पोतं घेतलं, जमिनीचे कागद घेतले, नवऱ्याचा चांगला शर्ट घेतला. अंगणातला कोंबडा पायात आला, त्यालाही उचलला. खाली एका शाळेत मुक्काम पडला. तिथं तिसऱ्या दिवशी सासूला चक्कर आली. रुबियाह तिचं नाव. मऊ, अबोल बाई. रक्तदाबाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या. तरण्या डॉक्टरनं विचारलं, “कुठली गोळी घेतात या?”

“लहान असते,” वागियेम म्हणाली. “पांढरी.”

“ताई,” डॉक्टर दमलेल्या आवाजात म्हणाला, “सगळ्या गोळ्या लहान आणि पांढऱ्याच असतात.”

गोळ्यांचा डबा चुलीवरच्या फळीवर राहिला होता. चौथ्या दिवशी रुबियाहचं डावं अंग लुळं पडलं आणि सहाव्या दिवशी ती गेली. डोंगराची राख तिला लागलीसुद्धा नव्हती. परक्या गावच्या मातीत तिला पुरून सगळे परत फिरले तेव्हा हार्जो सुनेकडे बघून एवढंच म्हणाला, “कोंबडा बरा आठवला तुला.”

त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही. वागियेमनंही नाही. ती त्याला तीन वेळा जेवायला वाढायची, त्याच्या दम्याला आल्याचा काढा करायची, थंडीत छातीला तेल चोळायची. तो जेवायचा, काढा प्यायचा, कूस बदलायचा. एका छपराखाली दोघं चौदा वर्षं राहिले, आणि ते वाक्य त्यांच्यात तिसऱ्या माणसासारखं राहिलं.

गावातल्या सगळ्यांनी पिशव्या घेतल्या, घेतली नाही ती हार्जोनं. वागियेमनं खिळ्याला लावावी, त्यानं काढून गोठ्यात फेकावी. पुढच्या महिन्यात पुन्हा लावावी. एकदा तर त्यानं गोळ्या आणि दम्याचा पंप बाहेर काढून ठेवला आणि पिशवीत तंबाखू भरली.

“कापड चांगलं आहे,” तो म्हणाला. “तंबाखू सादळत नाही.”

“म्बाह, तुमच्या भल्यासाठीच ना?”

“मला भाजीसारखं पिशवीत भरून कुठं न्यायचं नाही. मी खाली जाणार नाही. एकदा गेलो होतो. दोघं गेलो, एकटा आलो.”

ती गोळ्या आणि पंप उचलून आत गेली.

आता वातुगेदेची एका खालच्या गावाशी जोडी लावून दिलेली होती. बान्युरेजो त्याचं नाव. डोंगरानं हाक दिली की कुणी कुठं जायचं हे आधीच ठरलेलं. शाळेच्या फरशीवर मेंढरांसारखं पडायचं नाही. वागियेम मात्र कागदावर ठरलेल्यावर भरवसा ठेवणारी नव्हती. ती स्वतः तिथं गेली. अंथरुणं मोजली, संडासात म्हाताऱ्यांना धरायला बांबू ठोकून घेतला, आणि सारजिलाहच्या घरी ठिय्या मारून बसली. सारजिलाह टेंपे करायची, सोयाबीन आंबवून त्याच्या लाद्या पाडायची. तिचं घर मोठं, पाठीमागे लांबच लांब पडवी.

“किती म्हातारे पाठवणार?” सारजिलाहनं विचारलं.

“अकरा.”

“घोरणारे किती?”

“दहा. अकरावी बहिरी आहे, तिला त्रास नाही.”

सारजिलाहला हसता हसता ठसका लागला. अशी त्यांची मैत्री जमली. निघताना वागियेमनं आपल्या पदराआडून एक पिशवी काढली. “ही तुझ्याकडे असू दे. माझ्या सासऱ्याची आहे. तिकडे ते लावू देत नाहीत.”

“मग इकडे येतील कशावरून?”

“नाही आले तर नाही आले. पिशवी तर असेल.”

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी ती बाजारच्या निमित्तानं खाली यायची आणि त्याही पिशवीतल्या तारखा बघून जायची. घरी हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पारजोलासुद्धा नाही.

वर्षातून दोनदा गावात सराव व्हायचा. इशाऱ्याचा बांबूचा ठोकळा बडवायचा, लाल काठवाल्यांना खुर्चीसकट उचलायचं, ट्रकपर्यंत न्यायचं. वागियेम हातात घड्याळ घेऊन उभी. बहिऱ्या सिनेमआजीच्या दारापासून ट्रकपर्यंत सात मिनिटं. पुरुष कुरकुरायचे, “डोंगर काय घड्याळ बघून येतो का?”

“तो नाही बघत, म्हणून आपण बघायचं,” ती म्हणायची.

त्या वर्षी कोरड्या दिवसांत डोंगर कुरकुरायला लागला. आधी रात्री शिखरावर लाल रेघ दिसायची, मग गाई गोठ्यात बसेनाशा झाल्या. एका गुरुवारी सकाळी, वागियेम अंगणात टॅपिओकाची मुळं सोलत होती तेव्हा, हातावर काहीतरी बारीक पडलं. तिनं बोटानं घासून बघितलं. राख. थोड्याच वेळात मशिदीच्या कर्ण्यावरून निरोप आला: धोक्याची पातळी वाढली आहे, म्हातारे, आजारी, गरोदर बाया आणि मुलं यांनी आधी निघायचं.

वागियेमनं सुरी खाली ठेवली. पायांना रस्ता पाठ होता. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं. पोरं आणि लेकुरवाळ्या बायांना दुसऱ्या सेविका शाळेच्या गाडीकडे नेत होत्या. तिच्याकडे होते आपले अकरा. वोंग्सोआजीला चौघांनी उचललं. “हळू रे, मेल्यांनो, मी काय वाळू आहे?” ती ओरडत होती. सिनेमआजीला ठोकळा ऐकू आला नव्हता. तिची मुलगी तिला खुणांनी समजावत होती. आज सात मिनिटांऐवजी साडेपाच लागली.

दहा जण ट्रकमध्ये बसले. अकरावा ओसरीवर बसून तंबाखू वळत होता.

“म्बाह, चला.”

“तू जा.”

“तुम्हाला सोडून कशी जाऊ?”

हार्जोनं मान वर केली. त्याच्या आधीच पिकलेल्या भुवया राखेनं आणखी पांढऱ्या झाल्या होत्या. “ट्रकमध्ये किती आहेत?”

“दहा.”

“दहा जणांना कोण ओळखतं? कुणाला काय दुखतं ते पारजोला सांगता येणार आहे? जा तू.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच तिला ते सोसवेना. ती पारजोकडे वळली. तो म्हणाला, “शेजारच्या पोराला ट्रक चालवता येतो. तो नेईल तुम्हाला. मी बापापाशी थांबतो. मोटरसायकल आहे. ऐकलं तर घेऊन येतो.”

“आणि नाही ऐकलं तर?”

पारजोनं ट्रकची मागची फळी लावली. ट्रक सुटला. वळणापर्यंत वागियेम मागे बघत होती. मग राखेत घरही दिसेना आणि माणसंही.

बान्युरेजोत सारजिलाह दारातच उभी होती. चुलीवर भात आणि हंडाभर गोड चहा तयार. एकेकाला उतरवून पडवीत बसवलं. दवाखान्यातली नर्सबाई एंदांग वही घेऊन आली आणि वागियेमनं तिच्यापुढे पिशव्या मांडल्या. एंदांगनं कागद वाचले, रक्तदाब घेतले, आणि मान हलवत म्हणाली, “बू येम, तुमच्यासारखी चार माणसं प्रत्येक गावात असती तर मला अर्धंही काम उरलं नसतं.”

वागियेमचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पुन्हा पुन्हा मोजत होती. माणसं दहा. पिशव्या नऊ.

सिनेमआजीची पिशवी नव्हती. मुलीनं कपाळावर हात मारला. “आईला उठवायला दोन्ही हात लागले. म्हणून क्षणभर परत खिळ्याला अडकवली, आणि दाराला तसंच कुलूप... अगं आई गं!” ती रडायला लागली. सिनेमआजी तिच्याकडे बघून हसत होती. तिला वाटलं लेक घाबरली आहे.

सिनेमआजीला फेफरं यायचं. गोळी एक वेळ चुकली तरी झटका ठरलेला, आणि मागच्या झटक्यात तिच्या जिवावर बेतलं होतं. नाव-गाव, गोळीचं नाव सगळं वागियेमच्या वहीत होतं. पण ती गोळी एंदांगच्या पेटीत नव्हती. तिनं तीन ठिकाणी फोन लावले. “शहरातून येईल, पण उद्या सकाळी. पुढची गोळी केव्हाची?”

“संध्याकाळच्या नमाजाआधीची.”

“आणि आता वाजले तीन.”

वागियेमनं चपला घातल्या. एंदांगनं तिचा दंड धरला. “वर नाका बसवलाय. खाली येणाऱ्यांना सोडतात, वर जाणाऱ्याला नाही. आणि तुम्ही गेलात तर इथल्या दहांना मी काय सांगू?”

वागियेम पडवीच्या पायरीवर मटकन बसली. चौदा वर्षं ती घराघरांतले खिळे मोजत आली होती. आणि आज पुन्हा गोळ्या वर आणि माणूस खाली. तिला रुबियाहचा चेहरा दिसत होता, शाळेच्या फरशीवरचा, ओठ एका बाजूला ओघळलेला. सारजिलाह शेजारी येऊन बसली. तिनं चहा वागियेमच्या हातात दिला आणि कप निसटू नये म्हणून खालून आपलाही हात लावून ठेवला.

साडेचारच्या सुमाराला मोटरसायकलचा आवाज आला. पारजो पुढे, मागे हार्जो. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत करडे, जणू राखेतूनच घडवलेले. हार्जोच्या तोंडाला ओला पंचा बांधला होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तो उतरला, दोन पावलं आला. मग त्यानं सदऱ्याच्या आतून बाटिकची एक पिशवी काढून वागियेमपुढे धरली. वर नाव होतं: सिनेम.

“ट्रक गेल्यावर बाप म्हणाला, कुणाच्या चुली पेटत्या राहिल्या असतील, बघून येतो,” पारजो सांगू लागला. “घरोघर फिरला. सिनेमआजीच्या खिडकीतून पिशवी दिसली. कुलूप तोडायला लावलं मला. मग म्हणतो, चल, हे पोचवून येऊ. मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी नेतो. तर म्हणे, तुझा काय भरवसा, तू वाटेत हरवशील!”

पण वागियेम ऐकायला थांबली नव्हती. पिशवी तिनं एंदांगच्या हातात दिली, आणि तशीच आत धावली. सारजिलाहच्या खोलीच्या दारामागे एक खिळा होता. त्यावरची पिशवी घेऊन ती आली, पंप काढून हलवला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाला लावला.

“ओढा. धरून ठेवा. आता सोडा. पुन्हा.”

चौथ्या वेळी त्याच्या छातीतली शिट्टी कमी झाली. सातव्या वेळी तो भिंतीला टेकून बसला. खालून त्याला पिशवीवरचं नाव दिसलं. वागियेमच्या वेड्यावाकड्या अक्षरात शिवलेलं: हार्जो. त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि बंद बोटांत फिरवत राहिला.

“ही इथं कशी?” त्यानं विचारलं.

उत्तर सारजिलाहनं दिलं. “दोन वर्षं आहे. दर दोन महिन्यांनी येऊन गोळ्या बदलते तुमची सून. मी म्हणायची, येतील तरी का तुझे सासरे? म्हणायची, नाही आले तर नाही आले.”

हार्जोनं मान खाली घातली. वागियेम सिनेमआजीकडे गेली. आजी गोळी गिळून, पाण्याचा घोट घेऊन, काहीच घडलं नसल्यासारखी वोंग्सोआजीची वेणी घालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरानं गरम राखेचे लोट सोडले, पण ते पश्चिमेच्या घळीतून उतरले. वातुगेदे वाचलं. पडवीत सारजिलाहनं भिजवलेल्या सोयाबीनचं मोठं घमेलं ठेवलं होतं आणि वागियेम सालं काढायला बसली होती. हार्जो येऊन समोर बसला. त्यानंही मूठभर दाणे घेतले.

“डबा मला दिसला होता,” तो म्हणाला.

“कुठला डबा, म्बाह?”

“तिच्या गोळ्यांचा. त्या वेळी. मी चुलीपाशीच उभा होतो. हात लांब केला असता तर आला असता. म्हटलं, चार दिवसांत परत तर यायचंय, असू दे.”

वागियेमचे हात घमेल्यातच राहिले.

“मग तुझ्यावर ढकललं,” म्हातारा पुढे म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. “तुझ्यावर ढकललं की झोप लागायची. म्हणजे... तशीही लागायची नाही. पण निदान डोळे मिटता यायचे.”

चौदा वर्षं ती या माणसाच्या तोंडून एका शब्दाची वाट बघत होती. आता तो आला तर तिला कळेना, रागवावं की काय करावं. तिला दिसत होता फक्त चुलीपाशी उभा असलेला एक घाबरलेला नवरा, ज्याला वाटलं होतं की चार दिवसांचाच प्रश्न आहे. ती उठली, घरामागे विहिरीपाशी गेली आणि पदरात तोंड खुपसून रडली. पोटभर रडली. मग तोंड धुऊन परत आली.

“म्बाह, तुमच्या दाण्यांना अर्धी सालं तशीच आहेत. सारजिलाह माझ्या नावानं बोंबलेल.”

“माझ्या बोटांना दिसत नाही गं, न्दुक.”

‘न्दुक’ म्हणजे पोरी. लग्नाच्या पहिल्या वर्षात तो तिला अशी हाक मारायचा. पारजो मोटरसायकल धूत होता, त्याचा हात क्षणभर थांबला. मग तो पुन्हा पाणी मारू लागला.

सतरा दिवसांनी ते वर गेले. छपरांवरची राख फावड्यानं काढली, मागाहून खाली नेलेल्या गाई परत आणल्या, गावानं एकत्र बसून भात आणि कोंबडीचं जेवण केलं आणि डोंगराचं कार्य पार पडल्याबद्दल दुवा मागितली. सिनेमआजीच्या दाराला पारजोनं नवं कुलूप आणून दिलं आणि खिळा कडीच्या वरच ठोकला, म्हणजे पिशवी उतरवल्याशिवाय कडीला हातच लागणार नाही.

वागियेमला आताशा बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. पुढच्या महिन्याच्या फेरीला ती निघाली तेव्हा हार्जो काठी घेऊन अंगणात उभा होता. “तारखा मी वाचतो,” तो म्हणाला. “लांबचं मला स्वच्छ दिसतं. गोळी हातभर लांब धरली की झालं.”

तेव्हापासून दोघं जोडीनं फिरू लागले. तो गोळ्या हातभर लांब धरून तारीख मोठ्यानं वाचायचा, ती लिहून घ्यायची. वाटेत दम लागला की दोघं कुणाच्या तरी ओट्यावर बसायचे, पंप ओढायचा, उकडलेली कंदमुळं आणि चहा घ्यायचा, आणि पुढे. तंबाखू त्यानं सोडली नाही. तेवढ्यावरून रोज भांडण व्हायचं आणि रोज तोच जिंकायचा.

एकदा दोघं दवाखान्यात औषधं आणायला गेले. खिडकीतल्या नव्या पोरीनं गोळ्यांच्या पट्ट्या पुढे सरकवल्या. हार्जोनं एक उचलली, लांब धरली, वाचली आणि परत ठेवली.

“ही दोन महिन्यांत संपते. दुसरी दे.”

“आजोबा, दोन महिने पुष्कळ झाले की! तोवर खाऊन होतील.”

“खायच्या नाहीत,” हार्जो म्हणाला. “टांगायच्या आहेत. वर्षभराची तारीख असलेली काढ. ती शोधायला वेळ लागला तरी चालेल, आम्ही बसतो.”

आणि तो वागियेमला बाकावर जागा करून देत खरंच बसला. पोरगी आत कपाटाकडे वळली. वागियेमनं पिशवीतून केळी काढली, एक सोलून त्याच्या हातात दिली, आणि दुसरं स्वतः खायला घेतलं.